सत्तावन्न फूट घर आणि एकवीस लॉक

आमच्याकडे बारामती भागात कालव्याला कोणी कालवा म्हणत नाही, कॅनॉल म्हणतात. आमचे आण्णा पाटबंधारे खात्यात होते, नीरा डाव्या कालव्यावर, कालवा निरीक्षक म्हणून रिटायर झाले. त्यामुळे मी जेव्हा फोनवर सांगितलं की आण्णा मी इथे इंग्लंडात कॅनॉलवर राहायला जातेय, तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती आणि मग एकच प्रश्न आला, "कॅनॉलच्या हद्दीत? अतिक्रमण करून?"

तर हे अतिक्रमण नाही, रीतसर परवाना काढून केलंय, आणि ते करताना मला मराठीत कुठेच काही वाचायला मिळालं नाही म्हणून हे लिहितेय. मोठं झालंय, चहा घेऊन बसा.

मी मिल्टन कीन्समध्ये नोकरी करते, एकटी राहते. जानेवारी २०२४ मध्ये फ्लॅटचं भाडं महिन्याला १७५ पौंडांनी वाढलं. ऑफिसला जायची माझी वाट ग्रँड युनियन कॅनॉलच्या कडेने, म्हणजे टोपाथवरून, पूर्वी घोडे बोटी ओढत चालायचे त्या वाटेवरून. रोज बोटी दिसायच्या, धुराडं, छतावर सायकल आणि लाकडं. एका आजोबांशी ओळख झाली, ते म्हणाले आधी चार दिवस भाड्याने घेऊन बघ, पावसाळी दिवस बघून घे, उन्हात सगळ्यांनाच बोट आवडते. मे महिन्यात घेतली. चारपैकी तीन दिवस पाऊस. तरी आवडली, म्हणून पुढे गेले.

नॅरोबोट म्हणजे काय ते आधी. रुंदी जेमतेम ६ फूट १० इंच, कारण बऱ्याच कॅनॉलवरची जुनी लॉक, म्हणजे बोट चढवायच्या-उतरवायच्या दारं लावलेल्या टाक्या, साधारण सात फूट रुंद बांधलेली आहेत. लांबी ७० फुटांपर्यंत असते, पण ५७ फुटांची बोट जवळजवळ सगळ्या कॅनॉलवर जाऊ शकते म्हणून मी तीच शोधली. आत गेलं की रेल्वेच्या डब्यासारखं, एका ओळीत सगळं, पुढे बसायची जागा, मग स्वयंपाक, मग बाथरूम, मग पलंग, मागे इंजिन. पाहुणा संडासला निघाला की सगळ्यांनी पोट आत घ्यायचं.

८ जूनला ब्राउन्स्टन गावाजवळच्या एका मरीनात, म्हणजे भाडं भरून बोटी ठेवायच्या जागेत, बोट बघितली. २००३ ची, मागितलेली किंमत ५४,५०० पौंड. घरासारखं मॉर्गेज बोटीला मिळत नाही, त्यामुळे बचत आणि वर थोडं पर्सनल लोन. २ जुलैला ऑफर दिली, दहा टक्के डिपॉझिट भरलं, पण कागदावर "सर्व्हेच्या अधीन", म्हणजे तज्ज्ञाने बोट तपासून दिल्यावरच, असं लिहून घेतलं. हे वाक्य नसेल तर डिपॉझिट देऊ नका, कितीही गोड माणूस असला तरी.

सर्व्हे २३ जुलैला झाला. क्रेनने बोट पाण्याबाहेर काढायचे २६० आणि सर्व्हेअरचे ७८०, दोन्ही माझ्या खिशातून, आणि सौदा मोडला तरी परत नाहीत. पण तुम्ही स्वतः तिथे हजर राहा, रजा टाका. पाण्याखालचा भाग वर आला तेव्हा मला पोटात गोळा आला, सगळा शेवाळ आणि गंज. सर्व्हेअर हातोडी घेऊन ठोकत ठोकत गेला, आपल्याकडे माठ वाजवून बघतात तसा, आवाज ऐकायचा, थांबायचा, थोडं खरवडायचा, मग जाडी मोजायचं यंत्र लावायचा आणि खडूने तिथेच पत्र्यावर आकडा लिहायचा. ५.६, ५.४, ५.५. बोट १०-६-४ ची होती, म्हणजे तळ दहा मिलिमीटर, बाजू सहा, वरची केबिन चार. मग मागच्या बाजूला, बरोबर पाण्याच्या रेघेवर, त्याने ४.३ लिहिलं आणि त्याभोवती गोल काढला. म्हणाला, चारच्या खाली गेलं की बऱ्याच इन्शुरन्स कंपन्या कुरकुर करतात, इथे अजून जागा आहे पण कमी आहे. ॲनोड, म्हणजे पत्र्याच्या आधी स्वतः झिजावेत म्हणून खाली लावलेले धातूचे ठोकळे, ते पार खाऊन गेले होते, नुसती हाडं उरली होती. त्या एका ४.३ मुळे आणि ॲनोडमुळे किंमत ५२,००० वर आली. बोट वर आलीच आहे म्हणून डांबरी रंगाचे हात पण तेव्हाच देऊन घेतले, त्याला ब्लॅकिंग म्हणतात, दर दोन-तीन वर्षांनी करावं लागतं.

आता कागद. मला सगळ्यात विचित्र वाटलं ते हे की गाडीचं जसं आरसी बुक असतं तसं नॅरोबोटीला काहीच नाही. बोटीवर जो इंडेक्स नंबर असतो तो परवान्यासाठी असतो, मालकीचा पुरावा नाही. मालकी म्हणजे विक्रीची पावती, आणि त्याच्या आधीच्या मालकाची पावती, आणि त्याच्याही आधीची, जितकी मागे जाईल तितकं बरं. माझ्या विकणाऱ्या जोडप्याकडे तीन मालकांच्या पावत्या एका बिस्किटाच्या डब्यात होत्या. मी त्यांच्याकडून बोटीवर कर्ज नाही असंही लिहून घेतलं.

परवाना देते कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट. २०१२ मध्ये ब्रिटिश वॉटरवेज या सरकारी संस्थेकडून इंग्लंड-वेल्सचे कॅनॉल या ट्रस्टकडे आले, साधारण २००० मैल पाणी आहे त्यांच्याकडे. बोट विकली की जुना परवाना नव्या मालकाकडे जात नाही, आपला आपण काढायचा. त्याला तीन गोष्टी लागतात. बोट सेफ्टी सर्टिफिकेट, ते चार वर्षं चालतं, गॅस गळती, वायरिंग, हवा खेळती आहे का, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का असं सगळं बघतात, माझ्या बोटीचं अजून अडीच वर्षं बाकी होतं. दुसरं थर्ड पार्टी इन्शुरन्स, कमीत कमी २० लाख पौंडांचं कव्हर. आकडा ऐकून घाबरू नका, हप्ता त्यामानाने किरकोळ आहे, माझा वर्षाला २१० आला, फक्त जुन्या बोटीला ते सर्व्हे रिपोर्ट मागतात. आणि तिसरं, तुम्ही बोट ठेवणार कुठे.

इन्शुरन्सच्या फॉर्मवर मी इंडेक्स नंबरातले दोन आकडे उलटे टाकले. सर्टिफिकेट आलं ते चुकीच्या नंबराचं, परवान्याच्या अर्जाशी जुळेना, दुरुस्त होऊन यायला सहा दिवस गेले आणि तेवढे दिवस मरीनाचं भाडं वर. चूक पूर्ण माझी. मोबाईलमध्ये नंबर प्लेटचा फोटो ठेवा आणि त्यावरूनच टाइप करा.

तिसऱ्या मुद्द्यावर मी सगळ्यात जास्त झोप घालवली. एक तर कायमची जागा घ्यायची, होम मुअरिंग, मला सांगितलेला आकडा वर्षाला ३६०० होता आणि वर तिथे राहायची परवानगी नाही, फक्त बोट ठेवायची. नाहीतर कंटिन्युअस क्रूझर म्हणून नोंद करायची, म्हणजे फिरस्ती. १९९५ च्या ब्रिटिश वॉटरवेज ॲक्टप्रमाणे एका जागी १४ दिवसांपेक्षा जास्त राहायचं नाही आणि वर्षभर खरोखर प्रवास चालू पाहिजे. मला आधी वाटलं होतं की चौदा दिवसांनी शंभर मीटर पुढे सरकलं की झालं. तसं चालत नाही. ट्रस्ट म्हणतं की परवान्याच्या काळात तुमची झेप, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर, २० मैलांपेक्षा कमी असेल तर ते समाधानी होण्याची शक्यता फारच कमी. त्यांची माणसं टोपाथवरून बोटींचे नंबर नोंदवत फिरतात. काही ठिकाणी तर बोर्डावर ४८ तासच लिहिलेलं असतं, ते वाचूनच बोट बांधायच्या खुंट्या ठोका. शिवाय एप्रिल २०२४ पासून फिरस्त्यांना परवान्यावर जादा आकार सुरू झालाय, टप्प्याटप्प्याने २०२८ पर्यंत तो २५ टक्के होणार. तरी मी फिरस्तीच घेतली. परवाना वर्षाला हजाराच्या वर गेला. पत्रव्यवहारासाठी लेस्टरच्या मैत्रिणीचा पत्ता दिला, तिला विचारून.

९ ऑगस्टला पैसे दिले, चावी मिळाली, आणि परवान्याची लफडी मिटून आम्ही निघालो २४ ऑगस्टला. बँक हॉलिडेचा वीकेंड. नवशिक्याने हा वीकेंड निवडू नये असं सगळे म्हणतात, मी म्हणते निवडा, कारण लॉकवर गर्दी असते आणि मदतीला हात असतात. मी आणि ती लेस्टरची मैत्रीण, मूळची कोल्हापूरची, आवाज खणखणीत, लॉकवर याचा फार उपयोग होतो. ब्राउन्स्टन ते मिल्टन कीन्स, सहा लॉक चढायची आणि मग पंधरा उतरायची.

बोट चालवायला परीक्षा नाही, लायसन नाही. मागे उभं राहून टिलरचा, म्हणजे सुकाणूचा, दांडा धरायचा, डावीकडे जायचं तर दांडा उजवीकडे ढकलायचा. ब्रेक नाही, थांबायचं तर रिव्हर्स टाकायचा आणि वाट बघायची. कमाल वेग ताशी ४ मैल, आणि बांधलेल्या बोटीजवळून जाताना त्याहून हळू, नाहीतर लाट जाऊन आतल्या माणसाचा चहा सांडतो आणि तो बाहेर येऊन तुम्हाला सांगतो.

लॉक म्हणजे पाण्याची लिफ्ट. दोन्हीकडे दारं, बोट आत घ्यायची, दारं लावायची, आणि विंडलस नावाच्या हँडलने झडपा उचलायच्या, त्यांना पॅडल म्हणतात. वरच्या झडपा उचलल्या की पाणी आत येऊन बोट चढते, खालच्या उचलल्या की उतरते. तिसऱ्याच लॉकवर माझ्या हातातून विंडलस निसटलं, बुडुक. पंधरा पौंडांचं लोखंड. दुसरं जवळ होतं म्हणून वाचलो. तीन घ्या. आणि उतरताना एकच गोष्ट डोक्यात ठेवा, मागच्या दाराजवळ पाण्याखाली दगडी पायरी असते, तिला सिल म्हणतात, काठावर पांढरी रेघ मारलेली असते. बोटीचा मागचा भाग त्या रेघेच्या पुढेच राहिला पाहिजे. पाणी उतरताना बोट पायरीवर अडकली तर पुढून खाली जाते आणि बुडते. मी पंधराच्या पंधरा लॉकमध्ये त्या रेघेकडेच बघत होते, आजूबाजूचा निसर्ग मैत्रिणीने बघितला.

चौथ्या लॉकवर असताना आण्णांचा व्हिडिओ कॉल आला. घरी दुपारचे साडेतीन. मैत्रिणीने फोन धरून त्यांना लॉक दाखवलं. मी पॅडल उचलली, पाणी फेसाळत आत यायला लागलं आणि आण्णा एकदम ताठ बसले.

"किती पाणी जातं एका वेळेला?"

"अडीच लाख लिटरच्या आसपास, आण्णा."

ते तोंडातल्या तोंडात हिशेब करत होते, मला ते ओठ हलणं लहानपणापासून माहीत आहे.

"म्हणजे एक एकर भिजतं बघ. एका बोटीला एक एकर? आणि हे येतं कुठनं?"

मी सांगितलं की वर दोन तलाव आहेत, ड्रेटन आणि डॅव्हेंट्री, तिथून माथ्याच्या पाण्यात, म्हणजे कॅनॉलच्या सगळ्यात उंच भागात, सोडतात. तलाव आटला तर? तर लॉक बंद. मग त्यांनी विचारलं की तुमची बोट सात फुटाची, लॉक चौदा फुटाचं दिसतंय, बाजूची जागा रिकामी का? मी म्हटलं दोन बोटी बसतात शेजारी शेजारी. "मग जोडीनं जायचं की गं. टेलच्या, पार शेवटच्या माणसाला पाणी मिळत नाही ते असल्यानंच." पुढच्या लॉकवर आम्ही खरंच मागच्या बोटीसाठी थांबलो, एक रिटायर्ड जोडपं होतं, आणि त्या दोघांनी आम्हाला पुढच्या दोन दिवसांत जेवढं शिकवलं तेवढं कुठल्या व्हिडिओत नव्हतं. दोन बोटी एकमेकींना चिकटून आत शिरायचं, दारं अर्धी अर्धी वाटून घ्यायची. एक एकर दोघांत.

ब्राउन्स्टनचा बोगदा १७९६ चा, १८६७ मीटर, आत मध्ये एक वाकडेपणा आहे आणि बरोबर तिथेच समोरून बोट आली. इंजिन हळू, दिवा खाली, श्वास बंद, आणि दोन्ही बोटींच्या कडा घासत गेल्या, समोरचा माणूस "मॉर्निंग" म्हणून गेला. रेनकोट घाला, वरच्या झरोक्यांतून पाणी टपकतं. पुढे बकबीची सात लॉक, एका बाजूला एम-वन हायवेवर ट्रक धावतायत आणि आपण तासाला तीन मैलांनी. दुसऱ्या दिवशी ब्लिसवर्थचा बोगदा, २८१३ मीटर, आम्हाला चाळीस मिनिटं लागली. आत टोपाथ नाही, इंजिन यायच्या आधी माणसं फळीवर आडवी पडून भिंतीला पाय लावून बोट पुढे ढकलायची. मैत्रीण म्हणाली माझी कंबर इथेच गेली असती. मग स्टोक ब्रूर्नची सात लॉक, आणि तिसऱ्या दिवशी कॉसग्रोव्हला १८११ चा लोखंडी पूल, ज्यावरून रस्ता नाही, कॅनॉलच जातो आणि खाली ग्रेट ऊझ नदी. सोमवारी संध्याकाळी पाच वाजता मिल्टन कीन्समध्ये खुंट्या ठोकल्या. दोन्ही तळहातांना फोड. हातमोजे घ्या, बागकामाचे चालतात.

इथपर्यंतचं सगळं फोटोत छान दिसतं. खरी बोट ऑक्टोबरनंतर कळते.

संडासाचं सांगते, कारण सगळ्यांना तेच विचारायचं असतं आणि कोणी विचारत नाही. माझ्याकडे कॅसेट आहे, वीस लिटरची पेटी, भरली की लाल खूण येते. ती काढून एल्सन पॉइंटवर, म्हणजे ट्रस्टच्या रिकामी करायच्या जागेवर, न्यायची, ओतायची, धुवायची. एकटीला चार-पाच दिवसांनी. आईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "लंडनला जाऊन स्वतःचा संडास स्वतः उचलतेस?" आईसाठी सगळं इंग्लंड लंडनच आहे. दोन कॅसेट ठेवा, पुढचा पॉइंट बंद असू शकतो, माझ्या वेळी होता. आणि झाकण लागलंय का ते दोनदा बघा. का ते लिहीत नाही.

पाण्याची टाकी पाचशे लिटरची. भरायला तास-दीड तास, नळाचा दाब असेल तसा, ट्रस्टची चावी लागते, पाणी परवान्यातच येतं. फ्लॅटमध्ये मला माहीतच नव्हतं की मी किती पाणी वापरते. आता मला माहीत आहे की डाळ-तांदूळ धुवून कुकर लावून भांडी घासली की बारा लिटर जातात. आण्णांना सांगितलं तर म्हणाले, "आता आलीस खात्यात."

वीज बॅटरीची, सोलर उन्हाळ्यात भरपूर आणि डिसेंबरात जवळजवळ शून्य. मग रोज दोन-तीन तास इंजिन चालवायचं, पण बांधलेल्या बोटीत रात्री आठ ते सकाळी आठ चालवायचं नाही, शेजारी झोपलेले असतात. आपला मिक्सर इन्व्हर्टरवर चालतो, पण इंजिन सुरू असतानाच लावते, नाहीतर बॅटरी कण्हते. चटणी म्हणून शनिवारी सकाळी. गॅस १३ किलोचा सिलिंडर, मला सात आठवडे पुरतो. कोळसा, डिझेल, गॅस घेऊन एक फ्युएल बोट येते, दारावर भाजी येते तशी, थंडीत मला आठवड्याला दोन पोती कोळसा लागला. ओल फार, खिडक्या रोज पुसायच्या, थंडी असली तरी हवेची भोकं बुजवायची नाहीत, शेगडी आत जळतेय हे विसरू नका.

दर दुसऱ्या शनिवारी बोट हलवायची. नवीन जागी बांधली की सायकलने मागे जाऊन गाडी आणायची, पावसात तीनदा केलं, एकदा रडले पण. नोव्हेंबर ते मार्च ट्रस्ट दुरुस्तीसाठी लॉक बंद ठेवतं, कुठलं कधी ते आधी जाहीर होतं, ते बघूनच कुठे अडकायचं ते ठरवा. एकदा प्रोपेलरमध्ये कुणाच्या तरी दुलईची खोळ गुंडाळली गेली, तर इंजिन बंद करून, किल्ली काढून खिशात टाकून, मागचं झाकण उघडून, थंडगार पाण्यात खांद्यापर्यंत हात घालून ब्रेडच्या सुरीने पाऊण तास कापत होते. फुलाफुलांची होती.

जानेवारी २०२५ मध्ये कॅनॉल गोठला. चौदावा दिवस आला आणि बोटीभोवती बर्फ. बर्फ फोडत गेलं तर स्वतःचं ब्लॅकिंग खरवडतं आणि शेजाऱ्यांचंही. मी ट्रस्टला आधीच कळवलं, फोटो पाठवला, त्यांनी नोंद करून घेतली. अडचण आली तर मुदत संपायच्या आधी सांगा, नंतर नाही.

जून २०२५ मध्ये आई-आण्णा आले. आईने पहिल्या दिवशी बोट झाडून काढली आणि म्हणाली पन्हाळ्याच्या लॉजपेक्षा बरी आहे. आण्णांना विंडलस दिलं, त्यांनी ते हातात तोललं, खिशातून रुमाल काढून पुसलं. स्टोक ब्रूर्नच्या सगळ्यात खालच्या लॉकवर आम्ही चढायला थांबलो होतो. वसंत कोरडा गेला होता, पाणी कमी. आण्णा म्हणाले एकटं जायचं नाही, जोडीदार येऊ दे. आईने चहा केला, तो संपला, परत केला. चाळीस मिनिटांनी वळणावरून एक बोट दिसली, आण्णांनी हात वर करून तिला जवळ बोलावलं, अगदी पूर्वी कॅनॉलवर पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला बोलवायचे तसं. बोटवाल्यानेही हात केला आणि आमच्या पन्नास मीटर अलीकडेच काठाला लागून खुंट्या ठोकायला सुरुवात केली.

शेवटी एकट्यानेच लॉक भरलं. आण्णा त्या रात्री जेवताना फारसं बोलले नाहीत.